मखमली बाजू

व्होल्टमीटरचा काटा जागचा हलेना. नजलाने औषधाचे आणखी चार थेंब टाकले. दोन काचपात्रांच्या मधोमध ताणून बसवलेलं सशाच्या जठराचं अस्तर ढिम्म. आम्ल ओतत होतं ते ओततच राहिलं.

रमजानची दुपार, अलेक्झांड्रियाची चिकट हवा, आणि पहाटेपासून तिच्याच पोटात आग पडलेली. उद्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा. चार वर्षं ती एकच सांगत आली होती: अस्तराच्या आम्लाकडच्या बाजूला पोटॅशियमची बारीक दारं असतात, त्या बाजूने औषध घालून ती बंद केली की आम्ल थांबतं. आधीच्या तिन्ही तुकड्यांत थांबलंही होतं. मग या मेल्या चौथ्यालाच काय धाड भरली?

"तीन हो म्हणतात, एक नाही म्हणतो," फोनवर तिचे मार्गदर्शक डॉक्टर शौकत म्हणाले. "चौथा मेलेला असणार. फेकून दे आणि घरी जा."

मेलेला असता तर आम्ल कुठून आलं असतं? तिचा जीव थाऱ्यावर येईना. तिने प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या मदतनिसाला गाठलं. सगळे त्याला अम्म, म्हणजे काका, म्हणत.

"अम्म बेशीर, आज तुम्ही उशिरा आलात म्हणून तुकडा मीच सोलला. एरवी तुम्ही सोलून बशीत ठेवता तो कसा?"

"पालथा. मखमली बाजू खाली, पाण्यात. वर ठेवली तर सुकते ना, पोरी."

मखमली बाजू म्हणजेच आम्लाची, आणि ती तर खाली होती! बशीतली वरची बाजू तीच आम्लाची, असं धरून नजला तुकडे बसवत आली होती. तिन्ही वेळा काटा उलटा गेला, तेव्हा तारांची अदलाबदल झाली असेल असं समजून हिने तारा फिरवल्या. मोठी शहाणी!

"माझं काही चुकलं का?" बेशीरने घाबरून विचारलं.

"तुमचं नाही, अम्म. मीच कधी विचारलं नाही."

ती खिडकीपर्यंत गेली, परत आली. हात धुतले, पुन्हा धुतले. मग फोन लावला.

"डॉक्टर, ते तिन्ही उलटे बसले होते. सुलटा हा एकटाच. म्हणजे दारं आम्लाच्या बाजूला नाहीतच."



"परीक्षक कैरोहून निघालेत, नजला." शौकत यांचा आवाज खाली आला. "हे कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"आत्तापर्यंत मला एकटीलाच होतं," ती म्हणाली. "आता तुम्हालाही."