तीन बोटं

भंडारदऱ्याच्या टेकडीवर जमिनीची हालचाल मोजणारं यंत्र आहे. जालिंदर बारा वर्षं त्याची राखण करतोय. बायको आणि पोरगी कोपरगावला.

"मॅडम, बदलीच्या अर्जाचं काय झालं?"

"वरून अजून काहीच नाही," यंत्रातले आकडे उतरवून घेत प्रज्ञामॅडम म्हणाल्या.

"बारा वर्सं जागचा हललो न्हाई."

"हललात की. आपली सगळी जमीनच दरवर्षी तीन बोटं ईशान्येला सरकते. तिकडं दुसऱ्या जमिनीला जाऊन रेटते. त्या रेट्यानं खोल गाडलेला ग्रॅनाइट वर उचलला जातो, हिमालय वाढतो. बारा वर्षांत तुम्ही दोन फूट गेलात."

जालिंदरनं दोन्ही हात लांबवून तेवढं अंतर धरून पाहिलं.

"ईशान्येला म्हंजी कोपरगावाकडंच की."

मॅडमनी वही मिटली. "हो. पण कोपरगावही तेवढंच पुढं गेलं ना."

त्यानं हात खाली घेतले.

"व्हय. दर दिवाळीला घरी गेलो की पोरीला चौकटीला उभी करून उंचीची खूण करतो. मागच्या खुणेच्या तीन बोटं वरच असती."