मण्याची वाळू

निळ्या काचमण्याच्या पोटात राजगिऱ्याच्या दाण्याएवढा एक बुडबुडा होता, एका बाजूला किंचित ओढला गेलेला. तपासनीस वृषालीने मण्यावरचा शेंदूर फडक्याने पुसला.

"भागूबाई, काल तर मणी स्वच्छ होता."

"देवीचा मणी, शेंदूर लागायचाच," भागू गुरवीण तोंड फिरवून म्हणाली.

"शेंदरात शिसं असतं, त्यानं काच तपासायचं यंत्र चकतं, हे कुणी शिकवलं?"

"शेजारच्या गावानं. त्यांची बांगडी गेलीच म्हणा."

ती बांगडी वृषालीनेच पाठवली होती. जुनी काच जिथल्या वाळूची, तिथे ती परत जायची, असा जगभरचा कायदा होता. नकार देणाऱ्या तपासनिसाचा परवाना त्याच दिवशी रद्द व्हायचा. यंत्राचा लेझर उरल्यासुरल्या शेंदराखाली, थेट काचेत शिरला आणि पडद्यावरचे आकडे स्थिरावले. काच रोमन काळातली होती, वाळू इजिप्तची.

"पिढ्यान्‌पिढ्या गावातलं प्रत्येक लेकरू पाचवीला हा मणी गळ्यात घालतं," भागूबाई म्हणाली. "आज माझ्या नातीची पाचवी आहे, बाई."

फोनवर अधिकारी ताटकळले होते. "मॅडम, निकाल सांगा."

'अनिश्चित' म्हणणं सोपं होतं, पण खोटा निकाल तिने आजवर दिला नव्हता. वर्षभर प्रत्येक वस्तू पेटीत बंद करताना ओठांपर्यंत येऊन परत फिरलेलं वाक्य या वेळी मात्र थांबलं नाही.

"मणी इजिप्तचाच आहे, साहेब," ती म्हणाली, "आणि मी तो पाठवणार नाही."