दोन मिनिटांचा बत्ता

दुपारची झोप ही भाईंदरच्या जेसल पार्कमधल्या उत्तमरावांची एकमेव श्रद्धा, आणि नेमकी त्याच वेळी खालच्या मजल्यावर पास्टर शमुवेलांची प्रार्थना असायची. पास्टर एकदा सुरू झाले की पाऊण तास आमेन येत नसे. मग उत्तमराव जमिनीवर बत्ता आपटत. त्यामुळे पास्टरची बायको दारात आली तेव्हा ते भांडणाच्याच तयारीत होते. "भाऊजी, श्रद्धेपायी तुरुंगात पडलेल्यांसाठी बोलायला यांना जिनिव्हाला बोलावलंय, मानवाधिकारांच्या बैठकीत. तिथे दोन मिनिटं झाली की माईक बंद करतात. आणि यांना थांबवायचा सराव फक्त तुम्हालाच आहे." पंधरा दिवस उत्तमराव घड्याळ आणि बत्ता घेऊन खाली जाऊन बसले. शेवटी भाषण एक मिनिट पन्नास सेकंदांवर आलं. ठरल्या दुपारी उत्तमरावांनी झोप सोडून आपल्या घरी मोबाईलवर बैठक लावली. पास्टर उभे राहिले आणि सवयीने आधी आभार मानायला लागले: अध्यक्षांचे, आयोजकांचे, तिकीट काढून देणाऱ्या चर्चच्या मंडळींचे, "आणि भाईंदरचे आमचे शेजारी उत्तमरावजी, ज्यांच्या बत्त्यामुळे मी आज इथे..." उत्तमरावांची छाती फुगली. "आता त्या कैद्यांविषयी," पास्टर म्हणाले, आणि माईक बंद झाला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. उत्तमराव ताडकन उठले. "अरे, बोलू द्या की त्यांना! आत्ता कुठे मुद्द्यावर आलाय माणूस!" ते मोबाईलवर ओरडतच राहिले. तेवढ्यात डोक्यावर दणदण झालं. वरच्या मजल्यावर कुणीतरी बत्ता आपटत होतं.