दिव्यावरची पाखरं

बेचाळीसच्या साली तारायंत्राच्या तारा तोडणाऱ्या शामूला धरायला हवालदार बेळगुंदीत पोचला, तेव्हा शामू ओसरीवर पांढऱ्या कापडाखाली निपचित पडला होता. उशाशी दिवा, दिव्याभोवती पाखरं आणि शेजारी त्याची आई मालुबाई.

“कवा गेला?”

“दुपारी, तापानं. लेक यायची हाय, म्हणून ठेवलंय.”

हवालदाराच्या हातातली बेडी खुळखुळली, तशी दिव्यावरची पाखरं पटापटा कापडावर पडली. एक शामूच्या नाकापाशी पडलं, ते मालुबाईनं लगबगीनं उचललं.

हवालदाराला हसू फुटलं. “आक्का, तुमच्या गावची पाखरंबी बेडीला भितात की!”

“बेडीला न्हाय, अण्णा. ही खुळखुळ ऐकली की वटवाघूळ आलं असं वाटतं त्यास्नी. मग पंख मिटून मेल्यावानी पडतात.”

“आणि वटवाघूळ काय करतंय?”

“मेल्याला शिवत न्हाय ते. वरनं निघून जातं.”

हवालदारानं टोपी काढली. मढ्याला शिवलं तर अवेळी अंघोळ आली, म्हणून लांबूनच हात जोडले आणि वाट धरली.

बेडीची खुळखुळ वेशीपलीकडं विरली. मालुबाईनं कापड ओढलं.

“ऊठ रं शामू, उडाली बघ पाखरं.”