बेंजोमास्तरांचा कान

"आता बघा मंडळी, खरा कान कसा असतो ते!" दिपेश मोबाइलकडे बघून ओरडला आणि त्याने बापाच्या डोक्यावर लाल दिव्यांचा गेमिंग हेडसेट चढवला.

पडवीत दुपारचं ऊन आलं होतं. मोबाइल स्टँडवर, लाइव्ह चालू. एकीकडे दिपेशचा गेम खेळायचा हेडसेट, दुसरीकडे मुंबईच्या मित्राच्या नाकदुऱ्या काढून आणलेला ऑडिओफाइल हेडफोन. दिसायला साधा, पण गाण्यातलं एकेक वाद्य सुटं करून दाखवणारा. दोघांतला चांगला कोणता, हे सांगायला बुधाजींहून मोठा माणूस कुठला आणणार? किहीमपासून चौलपर्यंत बुधाजींच्या बेंजोशिवाय नवऱ्याला हळद लागत नव्हती.

बुधाजींनी गेमिंग हेडसेटवर गाणं ऐकलं, मान डोलावली. मग तेच गाणं दुसऱ्यावर ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"पहिला भारी. छातीत धम्म वाजतो. ह्याच्यात काय दमच न्हाय."

दिपेशने कपाळावर हात मारला. अहो, बंदुकांचा धडाका आणि पायांचे आवाज मोठे करून ऐकवणारा तो डबा, आणि मास्तर त्यालाच पास करतात! स्क्रीनवर हसणारे चेहरे पटापट पडायला लागले. लोक हसले की बघणारे वाढतात, हे दिपेशला पक्कं ठाऊक होतं. त्याने बापाला आणखी थोडं ताणायचं ठरवलं.

"गाढवाला गुळाची चव काय, मंडळी!" तो म्हणाला. बापाला नाही, मोबाइलला म्हणाला. पण म्हणाला.

मग तो बापाच्या तोंडासमोर वाकला. "बाबा, थांब. तुझंच वाजवणं लावतो. मग कळेल तुला फरक."

बुधाजी हेडफोन लावून डोळे मिटून ऐकू लागले. ढोलकीबरोबर त्यांची बोटं मांडीवर नाचत होती. पुढे रेकॉर्डिंगमध्ये साथीदार मोरूची ढोलकी थांबली आणि एकटा बेंजो सुरू झाला. हाच तो तुकडा, ज्यावर पोरं शिट्ट्या मारून मांडव डोक्यावर घ्यायची.

बुधाजींची बोटं थांबली. थोडी वाट बघून त्यांनी डोळे उघडले.

"बंद पडला रे तुझा डबा."

दिपेश खो खो हसला. त्याने वायर हलवून बघितली. मग हेडफोनची एक बाजू ओढून आपल्या कानाला लावली. आत बेंजो खणखणीत वाजत होता. ढोलकीचा धम्म बापाच्या कानात शिरत होता, बेंजोचे बारीक सूर नाही.

त्याचं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं. बाप तिसऱ्या हाकेला ओ देतो, तो त्याला आजवर बापाचा तोरा वाटत आला होता. टीव्ही मोठा लावतो, तो हेका वाटला होता. जन्मभर कर्ण्यांच्या पुढ्यात बसलेला माणूस! आणि जगाला आवाजातलं शहाणपण शिकवणाऱ्या ह्या दिवट्याला एका छपराखाली राहून एवढंही कळलं नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्क्रीनवर कुणीतरी लिहिलं, 'म्हातारा ठार बहिरा हाय.' त्याच्याखाली चौलचा सुजित उगवला. उद्या ज्याची हळद होती, त्या नवऱ्याचा सख्खा भाऊ. 'आमच्याकडं हेच येणार काय वाजवायला?'

दिपेशने स्क्रीनवर हात ठेवला, पण बुधाजींनी वाचायचं ते वाचलं होतं. ते उठून आत गेले आणि बेंजो घेऊन आले.

"बाबा, राहू दे ना."

"वाजवूनच दावतो."

चटईवर बैठक मारून त्यांनी सुरुवात केली. बोटं तीच, चलाखी तीच. पण एक तार पार उतरली होती. सूर जागोजागी फाटत होता आणि बुधाजी डोळे मिटून मान डोलवत होते.

दिपेशने झडप घालून लाइव्ह बंद केलं.

दिपेशची आई मैना दारात उभी होती. हाताला तांदळाचं पीठ तसंच. "तारा मोरू लावून देतो," ती म्हणाली. "मांडवात जायच्या आधी, गाडीतच. म्हणून घरी कधी वाजवत न्हाईत." नवरा हातभर अंतरावर बसलेला, पण तिने आवाज खाली आणला नाही. तशी गरजच नव्हती.

"मग मला का न्हाय सांगितलंस, आई?"

"शपथ घातली होती मला. म्हणाले, पोराला तेवढं कळू देऊ नको."

दिपेशने मान खाली घातली. आईकडे बघवेना, बापाकडे तर त्याहून बघवेना. पळून जावं असं त्याला वाटलं. पण बापाने डोळे उघडले, तेव्हा त्याने घाईघाईने मोबाइल उचलला आणि चालू असल्यासारखा समोर धरला.

गाणं संपलं. बुधाजींनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं आणि मोबाइलच्या पाठीकडे बघत विचारलं, "काय म्हणतात लोक?"

काळ्या पडद्यात दिपेशला स्वतःचं थोबाड दिसत होतं. बापाला ओठ दिसतील असं तोंड उघडून तो ओरडला, "वन्स मोर म्हणतात, बाबा!"

बुधाजी हसले. लहान पोरासारखे लाजलेसुद्धा.

"त्या सुजितला म्हणावं, आता नीट ऐक," ते म्हणाले आणि त्यांनी दुसरं गाणं सुरू केलं.