बिनफोडणीचं वरण

हेमलताबाईंच्या फुप्फुसातली कर्करोगाची पेशी सोमवारी दुपारी जागी झाली. आपण मात्र तसं काही झालंच नाही असं धरून चालू, कारण घरातही तेच ठरलं.

स्तनातल्या गाठीतून निसटून, रक्तातून प्रवास करत ती फुप्फुसात पोचली होती आणि सात वर्षं तिथे झोपून होती. ती झोपलेली असेपर्यंत मोबाईलवर तिचा ठिपका हिरवा दिसायचा. धुराने, खोकल्याने ती उठेल म्हणून डॉक्टरांनी खिडक्या कायमच्या बंद करवल्या. बाई सात वर्षं घरात, वरण सात वर्षं बिनफोडणीचं.

सोमवारी बाईंचा वाढदिवस होता. त्यांच्या यजमानांनी, दिगंबररावांनी, प्रेमाच्या भरात वरणाला लाल मिरचीची फोडणी घातली. बंद घरात दोघंही खोकून बेजार झाले.

"अहो, ठिपका लाल झालाय."

"मोबाईल जुना झालाय. जेव तू."

दिगंबररावांनी मोबाईल पालथा ठेवला. बाईंनी वाटी पुढे केली. "फक्कड झालंय. अजून वाढा."

ते भांडी घासायला गेल्यावर बाईंनी अर्ज लिहिला : "प्रति, सदर पेशी, उजवे फुप्फुस. विषय : पुन्हा झोपणेबाबत. चूक यजमानांची नसून वाढदिवसाची आहे. अर्जदार यापुढे बिनफोडणीचे वरण आनंदाने खाईल. तरी आपण कृपया झोपावे, ही नम्र विनंती."