दोन खुणा

हायड्रुन लुट्केनं विमानातून काढलेले दोन फोटो रोझविटा मानकेच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांवर जोडभिंग उभं केलं. सरकारी कचेरीत बसून असले जुने फोटो तपासायचे नि महायुद्धातले न फुटलेले बॉम्ब शोधायचे, हे तिचं काम.

"बघा, रोझविटाबाई. एप्रिल पंचेचाळीस. बॉम्ब पडले त्याच्या दुसऱ्या दिवशीचा फोटो. हे तुमचं घर."

शहात्तर वर्षांच्या रोझविटा मानकेनं भिंगाला डोळे लावले. "अगं बाई, छपरावरची भोकंसुद्धा दिसतायत!"

"कुंपणाच्या आत बारीक काळा ठिपका आहे ना? तिथं बॉम्ब घुसला, पण फुटला नाही. अजून आहे तो. तुमच्या सफरचंदाखाली. झाड तोडावं लागेल."

रोझविटानं भिंगावरून डोळे हलवले नाहीत.

"देटलेफचं झाड आहे ते. माझा भाऊ. नऊ वर्षांचा होता. त्या भोकापाशी त्याची टोपी सापडली, बाकी काहीच नाही. आईनं हातांनी माती लोटली नि वर रोप लावलं. अजून फुलं ठेवते मी तिथं." ती थांबली. "फुटलाच नाही म्हणतेस?"

"नाही."

"मग देटलेफ कुठाय?"

सांगता येत नाही, एवढं म्हणून हायड्रुनला सुटता आलं असतं. तिनं पेन्सिलीचं टोक कुंपणापलीकडच्या मोठ्या पांढऱ्या वर्तुळावर ठेवलं.

"हा फुटला होता. टोपी इथून उडून आली असेल."

"आता काय आहे तिथं?"

"बसथांबा."

रोझविटा कॉफी ओतायला उठली. किटली हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"चाळीस वर्षं मी तिथूनच बस पकडते," ती म्हणाली.

पुढच्या मंगळवारी आजूबाजूची घरं रिकामी केली. झाड कापलं, बॉम्ब निकामी करून नेला. खाली लोखंडाशिवाय काही निघालं नाही.

शनिवारी सकाळी रोझविटा थांब्यावर येऊन बसली. एक बस गेली. दुसरीच्या ड्रायव्हरनं दार उघडून वाट पाहिली.

"आजी, येताय ना?"

"नाही रे. जा तू."

बस निघून गेली. रोझविटा बसून राहिली. पाय तिनं जमिनीला टेकवले नव्हते. उचलून बाकाच्या खालच्या दांडीवर धरले होते.